बीड बघायचं असेल तर पाण्याच्या मागे जा

ज्यांना इयरफोन लावून बसायला वेळ मिळत नाही, किंवा घाट लागला की ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना आलेले शब्द बऱ्यापैकी तसेच ठेवलेत.

आजचा विषय माझा जिल्हा, बीड. पुण्यात ऑफिसमध्ये कुणाला सांगितलं की मी बीडचा, तर समोरून पहिला शब्द येतो "दुष्काळ", दुसरा "ऊसतोड". आणि मग प्रश्न, "तिकडं बघायला काय आहे रे?" परळी वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी बहुतेकांना माहीत असते. दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा, गाडी परत. तेही छानच. पण आज तीन ठिकाणं अशी सांगतो, की जिथं दुष्काळ आणि स्मारक हे दोन वेगळे विषय राहतच नाहीत.

तिन्ही ठिकाणी जाताना एकच प्रश्न सोबत न्यायचा: इथं पाणी येतं कुठून आणि जातं कुठं?

हाच प्रश्न का? कारण बीड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी सोडली, तर बालाघाटाच्या डोंगररांगेवर पाऊस कमी आणि बेभरवशाचा. अशा मुलखात कुणी किल्ला, देऊळ किंवा शहर उभारलं असेल, तर त्याने आधी पाण्याचा हिशोब केलेला असणार. तो हिशोब सापडला की दगड बोलायला लागतात. नाहीतर "कुणी बांधलं, कधी बांधलं" एवढ्या दोन ओळींत रील संपते.

पहिलं ठिकाण: खजाना विहीर

बीड शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, दक्षिणेला. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशाहाच्या काळात, सलाबत खान या सरदाराने ती बांधून घेतली. हिजरी सन ९९१, म्हणजे साधारण १५८३. कारागिराचं नाव राजा भास्कर असं सांगतात. जहागिरीचा खजिना या कामावर खर्च झाला म्हणून "खजाना", अशी लोकांमधली गोष्ट. पुरलेलं सोनं शोधायला जाऊ नका, खजिना म्हणजे पाणीच.

वरून बघितलं तर मोठी गोल विहीर, एवढंच वाटतं. खरी गंमत जमिनीखाली आहे. विहिरीला तीन भुयारं आहेत. दोनांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर जातं, खाली शहराकडच्या शेतांना. मोट नाही, मोटर नाही, वीजबिल नाही.

हे चालतं कसं? जमिनीला समजा बऱ्यापैकी उतार आहे. वरच्या अंगाला, जिथं जमिनीत पाणी मुरलेलं आहे, तिथून भुयार खणत आणायचं. पण भुयाराचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा. पाणी वाहिलं पाहिजे, पण तळ उकरला जाता कामा नये, इतकाच. मग पुढे कुठंतरी जमीन खाली येत येत भुयाराच्या पातळीला येते आणि पाणी आपोआप उजेडात निघतं. सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. फक्त उतार अचूक पाहिजे, आणि तो त्यांनी १५८३ मध्ये लेझर लेव्हलशिवाय साधला.

लोक सांगतात, या विहिरीची पातळी वाढतही नाही आणि कमीही होत नाही. यात चमत्कार शोधायची गरज नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना? पाणी त्या पाइपच्या वर चढत नाही. इथं बाहेर जाणारं भुयार तेच काम करतं. आणि आत येणारं पाणी थेट पावसाचं नाही, जमिनीतून हळूहळू झिरपलेलं आहे, म्हणून ते एकदम आटतही नाही.

ही पद्धत इराणच्या कनातींच्या घराण्यातली. तिथल्या काही कनातींना २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. आपल्या जवळची उदाहरणं म्हणजे छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा. ही दोन्ही सतराव्या शतकातली. म्हणजे बीडची विहीर त्यांच्या आधीची. हे मला कॉलेजात असताना कुणी सांगितलं असतं, तर "आमच्याकडं काहीच नाही" हे वाक्य तेव्हाच बंद झालं असतं.

दुसरं ठिकाण: कंकालेश्वर

बीड शहरातच. चौकोनी कुंडाच्या मधोमध दगडी देऊळ, चालुक्य-यादव काळातल्या घडणीचं. इथं पाणी साठवलंय आणि त्यालाच देवाचं आवार केलंय. पाण्यात कचरा टाकताना माणूस एकदा तरी विचार करेल, ही त्यातली सोय. निदान तेव्हा तरी करत असावा!

सरळ गाभाऱ्याकडं पळू नका. आधी बाहेरच्या भिंती सावकाश बघा. हातात शस्त्र घेतलेल्या लढाऊ स्त्रियांची शिल्पं शोधा, थांबून बघण्यासारखी आहेत. आणि लक्षात ठेवा, हे रोजच्या पूजेचं ठिकाण आहे. अभिषेक चालू असताना मोबाइल पुढं करू नका, गुरुजींना विचारून फोटो काढा. महाशिवरात्रीला यात्रा असते. वातावरण अनुभवायचं तर तेव्हा जा, शिल्पं बघायची तर साध्या दिवशी सकाळी.

तिसरं ठिकाण: धारूरचा किल्ला

बीडहून तासा-दीड तासाचा रस्ता. बालाघाटाच्या कडेवरचा हा किल्ला १५६७ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वर खान याने बांधला. दोनच वर्षांत तो निजामशाहीकडे गेला. मोगल काळात त्याचं नाव फतेहाबाद झालं.

तीन बाजूंना दरी आणि सपाटीच्या बाजूला खंदक. म्हणजे संरक्षण चोख. पण वेढा पडला की किल्ला भिंतींवर टिकत नाही, धान्य आणि पाण्यावर टिकतो. म्हणून आत फिरताना बुरुजांबरोबर पाण्याची टाकीही शोधा. पावसाचं पाणी कुठून वाहत येऊन त्यात पडत असेल, तो उतार डोळ्यांनी माग काढत बघा. आणि मग हे आठवा: १६३० मध्ये पावसाने दगा दिला, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, आणि त्याच दुष्काळात, १६३१ मध्ये, मोगल सरदार आझम खानाने धारूर निजामशाहीकडून जिंकला. आपल्या भागातला दुष्काळ आजचा नाही, त्याने राज्यांचीही परीक्षा बघितली आहे.

मग आपण काय करायचं?

बुरुज ढासळला तर दिसतो, बातमी होते. भुयार बुजलं तर कुणाला कळतही नाही. वर प्लॉट पडतात, जेसीबी चालतो, आजूबाजूला बोअर खोल जातात, आणि एक दिवस येणारं पाणी थांबतं. जे दिसत नाही, त्याची दखल घेणारं कुणी तरी लागतं. ते आपण होऊ शकतो.

एक सोपं काम सांगतो. विहिरीचा किंवा टाक्याचा फोटो काढाल, तेव्हा सेल्फीबरोबर एक फोटो फक्त पाण्याच्या पातळीचा काढा, मागची एखादी ठळक पायरी किंवा कमान येईल असा. तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून पुन्हा काढा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लॉग म्हणतो. सिस्टीम कधी बिघडली, हे लॉग असला तरच कळतं. शिवाय जवळच्या शेतातल्या एखाद्या आजोबांना विचारा, "बाबा, पूर्वी पाणी कुठवर असायचं?" ते जे सांगतील, ते गुगल मॅपवर नाही.

प्लॅन असा ठेवा: सकाळी खजाना विहीर, मग कंकालेश्वर, दुपारनंतर धारूर, मुक्काम अंबाजोगाईला. ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम. सुरुवातीला गेलात तर बालाघाटची सीताफळंही मिळतील, बीडच्या सीताफळाला जीआय टॅग आहे. सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेही आली आहे. विहिरीच्या काठावर वाकू नका, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. किल्ल्यात सावली कमी, पाण्याची बाटली भरून घ्या आणि रिकामी झाली की परत आणा.

तुमच्या गावात अशी जुनी बारव, नहर किंवा टाकं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. त्यावर पुढचा एपिसोड करू. भेटूया!