दिल्ली दोन तासांवर, पण कुठून?

उसाच्या दराचं गाऱ्हाणं घेऊन दिल्लीला निघालेल्या सभासदाला विमानाचे दोन तास कधी जड गेले नाहीत. जड जायचा तो वाशीचा पूल आणि पुढं सहारपर्यंतची गर्दी. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली, आणि आपली गाडी पनवेलपाशीच थांबू लागली.

आता हिशेब बघा. तिथून दिल्ली सरळ रेषेत साधारण 1140 किलोमीटर. सडकेनं तीच 1400 च्या घरात. ताशी 800 चा वेग धरला तर दीड तासाच्या आत पोचायला हवं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं यात वेळ जातो. म्हणून तिकिटावर दोन तासांच्या वर लिहितात. कोल्हापूरकडच्या माणसाला पनवेल गाठायलाच सहा तास लागतात, ते मात्र तिकिटावर नसतं!

हा विमानतळ झाला तो उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून. कोंबडभुजे, तरघर, कोल्ही, कोपर अशी दहा गावं तिथून उठली. आपल्यातल्या धरणग्रस्त सभासदांना ते काय असतं, हे आम्ही सांगायला नको.