नवा कोच आला, मुंबई सिटीचं काय झालं? समजून घ्या

२०१४ साली नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सुरुवात केलेली मुंबई सिटी नवी मुंबईकरांना आजही आपलीच वाटते. २०२३च्या शेवटी कोच बकिंगहॅम मोसम अर्धवट टाकून इंग्लंडला गेले आणि चाहते धास्तावले. जागी आले पीटर क्रॅटकी.

तेव्हा आयएसएलमध्ये साखळीत अव्वल येणाऱ्याला शिल्ड, बाद फेरी जिंकणाऱ्याला कप मिळायचा. एप्रिल २०२४ मध्ये मोहन बागानकडून १-२ हरलो, शिल्ड हुकली. मग गोव्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे असताना ३-२ जिंकलो! ४ मे रोजी कोलकात्यातच बागानला ३-१ हरवून कप आणला.

पुढच्या मोसमात मात्र बेंगळुरूकडून ०-५ हरून बाहेर! म्हणून कोचचं माप एका कपावर नको, दोन मोसम तरी बघा.