मोटारीसाठी ॲम्प्लिफायर निवडताना

मोटारीत संगीत ऐकण्याची हौस आता श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. साधी मोटार घेणारा गृहस्थही थोड्याच दिवसांत दुकानात जाऊन विचारतो, "याहून मोठा आवाज देणारे काही आहे काय?" दुकानदार एक खोके पुढे ठेवतो. त्यावर ठळक आकड्यांत '२००० वॉट' असे छापलेले असते. गिऱ्हाईक त्या आकड्याला भुलते आणि पैसे मोजते. असल्या आकड्याची पारख कशी करावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रेडिओतून निघणारा ध्वनिसंकेत फार क्षीण असतो. स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ त्यास देणे, हे ॲम्प्लिफायरचे काम. हे बळ तो स्वतः निर्माण करीत नाही. बॅटरीकडून, आणि इंजिन चालू असता आल्टर्नेटरकडून, ते उसने घेतो. इंजिन चालू असता मोटारीतील विजेचा दाब सुमारे १४ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या एका स्पीकरला शुद्ध स्वरूपात फार तर २५ वॉट देता येतात. म्हणून डॅशबोर्डातील रेडिओवर '५० वॉट' असे लिहिलेले असले, तरी सलग असे विसाच्या आसपासच मिळतात. स्वतंत्र ॲम्प्लिफायर हा दाब आतल्या आत वाढवून घेतो. त्याचे सामर्थ्य यातच आहे.

आता त्या २००० वॉटांकडे वळू. बहुतेक ॲम्प्लिफायरांना फ्यूज बसविलेला असतो; त्यावरील आकडा वाचावा. समजा, तो ३० अँपिअर आहे. तीस गुणिले चौदा म्हणजे ४२० वॉट. सतत आत येणारी शक्ती ढोबळमानाने एवढीच. तीतही काही भाग उष्णता होऊन वाया जातो. 'डी' वर्गाचा ॲम्प्लिफायर शंभरातील ऐंशी-नव्वद भाग कामी लावतो, तर जुन्या 'एबी' वर्गाचा निम्म्याहून थोडे अधिक. जेथे आत चारशे येतात, तेथे बाहेर दोन हजार कोठून येणार? तो आकडा फार तर क्षणभराच्या उसळीचा असतो. आपण 'आरएमएस', म्हणजे सलग मिळणारी शक्ती विचारावी. 'सीईए-२००६' या अमेरिकन मानकानुसार मोजलेला आकडा असल्यास उत्तम, त्यात १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहमचा स्पीकर आणि विकृती शेकडा एकहून अधिक नाही, अशी अट असते.

दुसरी गोष्ट जुळणीची. स्पीकरला सोसेल तेवढीच सलग शक्ती निवडावी. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. ॲम्प्लिफायर तेवढ्यावर चालण्याजोगा नसेल, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो.

तिसरी गोष्ट तारेची, आणि हीत हयगय नको. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाड तांब्याची तार घालावी, आणि तारेस सोसेल असा वेगळा फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत बसवावा. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरचे रक्षण करतो. वाटेत तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर मोटारीस आगीपासून वाचवितो तो बॅटरीजवळचाच.

शेवटी कानांविषयी. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानास तो दुप्पट वाटावा, तर शक्ती सुमारे दहापट लागते. उलट, ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसवतो असे मानले, तर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती एकाच तासावर येते. गेलेली श्रवणशक्ती पैशाने परत मिळत नाही. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकास ऐकू आला पाहिजे, याचाही विसर पडू नये. बहुतेकांना दर स्पीकरमागे ५० ते ७५ वॉटांची खरी शक्ती भरपूर होते. तेवढी घ्यावी, आणि उरलेले पैसे चांगल्या स्पीकरांवर व चांगल्या तारेवर खर्चावे.