निकालाआधीचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाचा एक मोठा दोष असा की, कोणत्याही प्रसंगाची हकीकत सुरू होण्यापूर्वीच तिचा शेवट वाचणाऱ्याला ठाऊक असतो, आणि शेवट ठाऊक असल्यामुळे त्या शेवटाकडे नेणाऱ्या घटनाच तेवढ्या खऱ्या व अपरिहार्य वाटू लागतात. जे पक्ष हरले, ज्या मसलती फसल्या, जी माणसे या बाजूस जावे की त्या बाजूस अशा संभ्रमात अखेरपर्यंत राहिली, त्यांच्या वाट्याला प्रकरणाच्या शेवटी एखादे वाक्य आले तर येते. १९४५ च्या जून महिन्यात सिमल्याला जमलेल्या पुढाऱ्यांपैकी एकालाही, दोन वर्षांनंतर देशाच्या नकाशावर कोठून कोठवर रेघ ओढली जाणार आहे, हे माहीत नव्हते. आमच्या शाळकरी मुलाला ते माहीत असते, आणि म्हणूनच त्या पुढाऱ्यांचा वादविवाद त्याला निरर्थक कालहरण वाटतो. परीक्षेत तो परिषद अपयशी ठरल्याची तारीख अचूक लिहितो. ती यशस्वी होण्याची शक्यता कोणाला आणि का वाटत होती, हे त्याला कोणी विचारीत नाही, आणि विचारले तर त्याला सांगता येणार नाही.

या दुखण्यावर न्यूयॉर्कमध्ये एक औषध निघाले आहे. शहरातील ब्रॉडवे या प्रसिद्ध रस्त्याच्या एका अंगास कोलंबिया विद्यापीठ आणि दुसऱ्या अंगास, त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेले, १८८९ साली स्थापन झालेले बार्नार्ड हे स्त्रियांचे महाविद्यालय आहे. तेथील इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांना गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात असा अनुभव येऊ लागला की, हुशार, वाचून आलेल्या, सुसंस्कृत विद्यार्थिनी प्लेटोवरील चर्चेला बसतात, शिष्टाचारापुरती एकदोन वाक्ये बोलतात, आणि वर्गावर पुन्हा मळभ येते. हा कंटाळा घालविण्यासाठी त्यांनी ज्या पद्धतीचा पाया घातला, तिचे नाव ‘रिअ‍ॅक्टिंग टू द पास्ट’. तिच्यामागील विचार त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘माइंड्स ऑन फायर’ या पुस्तकात सविस्तर मांडला असून, आज अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत ती वापरली जाते.

वर्गात नाटक करणे ही गोष्ट काही नवी नव्हे. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात सॉम्टिंग नावाच्या खेड्यातील शाळेच्या मुख्याध्यापिका हॅरिएट फिनले-जॉन्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मुलांकडून इतिहासाची नाटके रचवून घेतली होती, आणि आमच्याकडेही स्नेहसंमेलनात अफझलखानाचा वध न झालेली शाळा विरळा. परंतु नाटकात संवाद ठरलेले असतात व खानाला मरावेच लागते. कार्न्स यांच्या पद्धतीत संवाद कोणी लिहून देत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यास एक भूमिकापत्र मिळते. त्यात आपण कोण, आपला पूर्ववृत्तांत काय, आपला गट कोणता आणि या सभेतून आपल्याला काय साधावयाचे आहे, एवढेच लिहिलेले असते, आणि त्यातील काही मजकूर इतरांपासून गुप्त असतो. पहिल्या काही तासिकांत अध्यापक काळाची पार्श्वभूमी समजावून देतात; त्यानंतर ते मागच्या बाकावर जाऊन बसतात, आणि वर्ग विद्यार्थ्यांच्या ताब्यात जातो. भाषणे, निबंध, गुप्त खलबते, फोडाफोडी आणि मतदान यांत काही आठवडे जातात. अध्यापकांकडून मधूनमधून एखादी चिठ्ठी येते: अमक्याने काढलेले प्लेटोचे वचन संदर्भ सोडून आहे, किंवा तमक्या गटाने विरोधकांचा मुद्दा नीट वाचलेला नाही. बोलणे त्या काळात शक्य असलेल्या कल्पनांच्या आणि नेमलेल्या मूळ ग्रंथांच्या आधारे झाले पाहिजे, हा निर्बंध कडक; निकाल मात्र मोकळा.

या पद्धतीने रचलेल्या खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळ इ. स. पूर्व ४०३ मधील अथेन्सचा. स्पार्टाकडून पराभव झालेला, आरमार गेलेले, ‘तीस जुलमी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या मंडळाने कित्येक महिने कत्तली आणि जप्त्या केलेल्या. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर मोडणाऱ्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात दीड हजारांहून कमी नव्हेत इतके लोक मारले गेल्याचे म्हटले आहे. थ्रॅसिब्यूलसने लोकशाही परत आणली, आणि आता सभेपुढे पहिलाच प्रश्न असा की, जुलमी मंडळाला साथ देणाऱ्यांवर खटले भरावयाचे की मागचे सारे विसरून जाण्याची शपथ सर्वांनी घ्यावयाची? खऱ्या अथेन्समध्ये सभेच्या आरंभी डुकराचे पिल्लू बळी देऊन जागा शुद्ध करीत. वर्गात अर्थातच ते लटकेच उरकावे लागते. मग अध्यक्ष चिठ्ठी टाकून निवडला जातो आणि जो व्यासपीठावर जाईल त्याचे ऐकून घ्यावे लागते. कडवे लोकशाहीवादी, मवाळ लोकशाहीवादी, मूठभरांच्या राज्याचे पुरस्कर्ते आणि सॉक्रेटिसाचे शिष्य असे गट एकमेकांवर तुटून पडतात. आणि ज्या मुलीने ‘रिपब्लिक’ची पन्नास पाने कंटाळत चाळली असती, तिला, सभेत बसण्याबद्दल गरीब नागरिकास भत्ता द्यावा की नाही या वादात आपला पक्ष हरू नये म्हणून, तीच पाने रात्री पुन्हा काढून बसावे लागते.

मला स्वतःला या रचनेत सर्वांत मार्मिक वाटतात त्या ‘अनिश्चित’ म्हणविल्या जाणाऱ्या भूमिका. कोणत्याही गटाशी बांधलेले नसलेले एक ना एक चरित्र त्यांना दिलेले असते, आणि मते बहुधा त्यांच्याच हातात असतात. गटांच्या पुढाऱ्यांना त्यांची मनधरणी करावी लागते. केवळ दमदाटी किंवा वक्तृत्व पुरत नाही, समोरच्याच्या हिताचा आणि श्रद्धेचा विचार करून युक्तिवाद बांधावा लागतो. इतिहासग्रंथांतून ही माणसे बहुधा गळून पडतात, कारण ‘अमुक इतक्या लोकांचे मन अखेरच्या क्षणापर्यंत ठरत नव्हते’ असे वाक्य ठसठशीत दिसत नाही. सभा प्रत्यक्ष भरली की मात्र त्यांचे वजन कळते.

दुसरा खेळ मिंगकालीन चीनमधला, १५८७ सालचा. वानली बादशहाला थोरल्या मुलाला डावलून आवडत्या स्त्रीच्या, झेंग हिच्या, पोटच्या मुलाला युवराज करावयाचे आहे, आणि दरबारातील विद्वान अधिकारी कन्फ्यूशियसच्या आधारे त्याला विरोध करीत आहेत. बादशहाच्या हातात शिक्षा देण्याचा आणि बढत्या रोखण्याचा अधिकार, तर अधिकाऱ्यांच्या हातात केवळ अर्जदास्ती; त्यातही अदबीला बाध येऊ न देता बादशहाची कानउघाडणी करावयाची, म्हणजे ‘वडीलधाऱ्यांचा मान’ आणि ‘वडीलधाऱ्यांची चूक दाखविण्याचे कर्तव्य’ या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांभाळावयाच्या. बादशहाची भूमिका मिळालेल्या विद्यार्थ्यास पहिल्या दिवशी मौज वाटावी आणि पुढे हळूहळू उमजू लागावे की, ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही त्याच्याजवळही सगळ्यांच्या मूक असहकारावर तोडगा नसतो. प्रत्यक्षात हे भांडण वर्षानुवर्षे चिघळत राहिले, आणि १६०१ मध्ये थोरल्यालाच युवराजपद द्यावे लागले.

आणि तिसरा खेळ आपल्या जिव्हाळ्याचा: सिमला, १९४५. तो कार्न्स यांनी एन्स्ली एम्ब्री यांच्या साहाय्याने तयार केला. एम्ब्री हे कोलंबियातील भारतीय इतिहासाचे नामांकित अभ्यासक, आणि स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे त्यांनी इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन केलेले. म्हणजे होळकरांच्या इंदुराशी त्यांचा संबंध पुस्तकी नव्हता. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी १४ जून १९४५ रोजी आपली योजना जाहीर केली. कार्यकारी मंडळात व्हाइसरॉय आणि सरसेनापती सोडून सर्व सभासद हिंदी असावेत, आणि सवर्ण हिंदू व मुसलमान यांचे प्रमाण समसमान असावे, हा तिचा गाभा. परिषद २५ जूनला भरली. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद तिला आले ते तुरुंगातून नुकतेच सुटून. १९४२ च्या ऑगस्टपासून ते आणि कार्यकारिणीचे इतर सभासद आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात बराच काळ स्थानबद्ध होते. गांधीजी सिमल्याला गेले, परंतु परिषदेत बसले नाहीत. मुसलमान सभासद नेमण्याचा हक्क एकट्या मुस्लिम लीगचा, असा जिनांचा आग्रह. काँग्रेसला आपल्या मुसलमान सभासदांवर पाणी सोडणे अशक्य. आणि पंजाबच्या युनियनिस्ट पक्षाचे खिज्र हयात तिवाना यांना लीगबाहेरचा मुसलमान प्रतिनिधी हवा. १४ जुलैला वेव्हेल यांनी परिषद अयशस्वी झाल्याचे जाहीर करून त्याचा दोष स्वतःकडे घेतला.

खेळामध्ये परिषदेची ही चौकट घेऊन तिच्यात फाळणी, संस्थाने, शीख आणि अस्पृश्य समाज यांचे भवितव्य असे सारे प्रश्न एकत्र आणले आहेत. येथे इतिहासकाराने कपाळावर आठी घालणे योग्य आहे, कारण खऱ्या परिषदेचा विषय मंडळाच्या रचनेपुरता मर्यादित होता, आणि पुढे दोन वर्षांत जे घडले ते येथे एका टेबलाभोवती कोंबले जाते. अथेन्सच्या खेळातही इ. स. पूर्व ३९९ मधील सॉक्रेटिसाचा खटला अलीकडे ओढून घेतलेला आहे. अशा ओढाताणीविना खेळ उभा राहत नाही, हे खरे. तरी ती ओढाताण विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्यासाठी खेळानंतरचा समालोचनाचा तास राखून ठेवलेला असतो. त्या तासाला प्रत्यक्षात काय घडले ते मांडले जाते, वर्गाचा निकाल कोठे आणि का वेगळा झाला हे तपासले जाते, आणि गुप्त हेतू उघड होतात. अखंड हिंदुस्थान झाला म्हणून खूश झालेल्या वर्गाला तेव्हा विचारावे लागते की, तुमच्या वर्गातले जिना राजी झाले ते कोणत्या पुराव्यावर, आणि खऱ्या जिनांना ते पुरे पडले असते काय.

बार्नार्डसमोरच्या, ब्रॉडवेच्या पलीकडच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाकिस्तानवरील ग्रंथ या संदर्भात मला वारंवार आठवतो. लाहोरच्या १९४० च्या ठरावानंतर लवकरच लिहिलेल्या त्या ग्रंथाच्या पहिल्या भागात पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांची कैफियत, दुसऱ्यात त्याच्या विरोधी हिंदूंची कैफियत, आणि तिसऱ्यात पाकिस्तान झाले नाही तर काय, याची चर्चा आहे. दोन्ही पक्षांची वकिली एकाच लेखणीने इतक्या तोलाने करणारा ग्रंथ सहसा सापडत नाही. आणि या खेळात जिनांची भूमिका वाट्याला आलेल्या कोणाही मुलाला आपला खलिता तयार करताना त्याहून चांगला आधार मिळणे कठीण.

आक्षेप आहेत, आणि ते सगळेच खोडसाळ नव्हेत. अत्याचाऱ्याची भूमिका करावी लागणे, आणि अत्याचार सोसलेल्यांच्या वंशजांपुढे ती करावी लागणे, हा विषय विनोदाचा नाही. म्हणून गुलामांचा लिलाव किंवा छळछावणी यांचा अभिनय करविणे मी तरी सर्वस्वी त्याज्य समजतो. सोसलेल्या दुःखाचे अनुकरण आणि घेतलेल्या निर्णयाचे अनुकरण यांत अंतर आहे. पहिले अनुभवल्याचा आव आणता येतो, दुसऱ्याचा खरोखर अभ्यास करता येतो. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९६७ साली रॉन जोन्स या शिक्षकाने नाझी राजवटीला जर्मन लोक कसे वश झाले हे दाखविण्यासाठी वर्गात ‘थर्ड वेव्ह’ नावाची शिस्तबद्ध चळवळ सुरू केली; अवघ्या काही दिवसांत तिला इतका जोर चढला की ती त्यांनाच थांबवावी लागली. तिचे उदाहरण नेहमी या पद्धतीविरुद्ध पुढे केले जाते. परंतु तेथे आपण खेळात आहोत हेच मुलांना ठाऊक नव्हते. जेथे नियम उघड आहेत, भूमिका लेखी दिलेली आहे आणि शेवटी समालोचन ठरलेले आहे, तेथे धोका वेगळ्या जातीचा: चढाओढीत जिंकण्याच्या नादाने पुराव्याची ओढाताण होते, आणि बोलक्या मुलांच्या गोंगाटात लाजाळू मूल झाकले जाते. पहिल्यावर मागच्या बाकावरून आलेल्या चिठ्ठ्या, आणि दुसऱ्यावर लेखी निबंधांना दिलेले गुण, हेच काय ते इलाज.

आमच्याकडे साठसत्तर मुलांचा वर्ग आणि अर्ध्यापाऊण तासाची तासिका या दोन अडचणी सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. अथेन्सचा खेळ काही आठवड्यांचा वेळ मागतो, तो येथे मिळणार नाही. तरी एखाद्या उत्साही शिक्षकाने सिमल्याचा एक भाग दोन सलग तासिकांत बसविणे अशक्य नाही. निकोलस मॅन्सर्ग यांनी संपादित केलेल्या ‘द ट्रान्स्फर ऑफ पॉवर’ या बारा खंडांच्या कागदपत्रांचा पाचवा खंड याच परिषदेचा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो मिळावा. त्यातील वेव्हेल यांचा प्रस्ताव, काँग्रेसची आणि लीगची उत्तरे, एवढे मराठीत उतरवून प्रती वाटल्या, आणि मुलांचे गट करून प्रत्येक गटाकडे एका पुढाऱ्याची भूमिका सोपविली, की पुढील काम मुलेच करतात. भूमिका वाटताना मात्र चिठ्ठ्याच टाकाव्यात. अन्यथा गांधीजी होण्यास अर्धा वर्ग पुढे येईल, आणि सभेत बसावयाचे नाही हे कळताच तितक्याच वेगाने मागे सरेल. वेव्हेल होण्यास तर कोणी पुढे येणारच नाही.