गस्तीच्या गाडीला वेग किती हवा?

पोलिसांची बोलेरो पसरणी घाटात दिसली की तिच्या मंदपणावर हमखास विनोद होतात. पण गस्तीची गाडी बहुतेक वेळ रेंगाळते, थांबते, पुन्हा निघते. तिथे कमाल वेगापेक्षा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरचा जोर मोलाचा. बोलेरोच्या ७५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाचा २१० न्यूटन-मीटर जोर मिनिटाला १६०० फेऱ्यांपासूनच मिळतो आणि भक्कम लोखंडी चासीवर बसवलेली बॉडी जतकडचे कच्चे रस्ते पचवते. मग पुणे-बेंगळुरू महामार्गावर सुसाट पळणाऱ्या कारचं काय? पाठलागात वेग ६०वरून १२०वर गेला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. त्यात उंच गाडीचा तोल वळणावर आधीच नाजूक. त्यापेक्षा वायरलेस बरा: आनेवाडीहून निघालेला निरोप तासवडे टोलनाक्यावर कुठल्याही इंजिनाआधी पोचतो.