तात्यांचा चेहरा धूसर आला

आमच्या वस्तीतील एक वृद्ध गिरणी कामगार वारले. सारे त्यांना तात्या म्हणत. चार महिन्यांपूर्वी आम्ही वाचनालयातर्फे त्यांची मुलाखत व्हिडिओवर घेतली होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती दाखवावी म्हणून कार्ड उघडले, तर मागच्या फळीवरचे घड्याळ लख्ख आणि तात्या धुक्यात! कॅमेऱ्याने आपणहून घड्याळावर फोकस धरला होता. कॅमेरा धरणारा पोरगा नवखा, आणि आम्ही शेजारी बसून नुसते ऐकत होतो. आता पुन्हा शूटिंग कोणाचे करणार?

तात्या रिंग खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यांचे वडीलही रिंग खात्यातच. विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला, हे तात्यांनी वडिलांकडून ऐकलेले. ते बोलणे आम्हांला टाकवेना.

एडिटिंग करणाऱ्या मित्राने प्रथम संगणकाच्या नव्या अक्कलहुशारीने, ज्याला एआय म्हणतात, चेहरा साफ करून दिला. आजींनी पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो कोन बाप्या बसवलाय? ह्यांना वरचे दोन दात कुठं होते?" यंत्राने दात घालून दिले होते!

मग मित्राने समजावले. फोकस चुकला की प्रत्येक बिंदूचा उजेड शेजारी सांडतो. बारीक रेघा कॅमेऱ्यात नीट उतरतच नाहीत. 'शार्पन' केल्याने कडा तेवढ्या गडद होतात. फार केले तर चेहऱ्याभोवती पांढरी किनार दिसते. तेव्हा दोष झाकावा, नाहीसा झाल्याचे सोंग आणू नये. आम्हांलाही ते पटले.

आवाज मात्र खणखणीत होता. तो सलग ठेवला आणि वर चित्रे बदलली: तात्यांचा गिरणीतला बिल्ला, जुने फोटो, आजींचे हात. चित्र ३८४० बाय २१६० चे होते, म्हणून चेहरा निम्मा लहान करून एका बाजूस बसवता आला. लहान चित्रात धूसरपणा कमी जाणवतो. त्यावर थोडे दाणे पसरले. एक गंमत म्हणजे नवी दृश्येही जराशी मऊ करावी लागली, कारण लख्ख चित्राशेजारी अंधुक चित्र लगेच उघडे पडते. मित्र कृष्णधवल करू म्हणत होता. आम्ही नको म्हटले. लोकांना ते पन्नास वर्षांपूर्वीचे वाटले असते.

बावीस मिनिटांपैकी एका जागी तात्या वडिलांचे नाव घेऊन गप्प होतात. तिथे काहीच झाकले नाही. पडदाभर धूसर चेहरा, चाळीस सेकंद. कार्यक्रमात आजी खुर्ची ओढून पडद्याजवळ जाऊन बसल्या.

आता शूटिंगला निघताना तो पोरगा हेडफोनबरोबर भिंगही खिशात टाकतो. पडद्यावर डोळ्यांच्या पापण्या मोजतो, मगच बटण दाबतो.