तान्ह्या बाळाची काळजी : घरची आणि दवाखान्याची

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत बाळाच्या संगोपनाच्या दोन पद्धती आज एकाच वेळी चालू असतात. एकीकडे मालिशवाल्या मावशी, डाळीचे पीठ, टाळूवर तेल, बाळगुटी, शेकशेगडी आणि बाळंतिणीचे अळिवाचे लाडू. दुसरीकडे बालरोगतज्ज्ञ, वजनकाटा, लसीकरणाचे कार्ड आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. दोन्हींत उघड भांडण क्वचितच होते, पण बोलणेही होत नाही. गुटी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगितले जात नाही आणि बाळाला कोणती सुई कुठे टोचली हे मावशींना कोणी सांगत नाही. बाळाला धोका पोहोचतो तो बऱ्याचदा या अबोल्यातून.

परंपरेतले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे ठरवायला एक ढोबळ कसोटी कामाला येते. स्पर्श, ऊब, अंगावरचे तेल, आईची विश्रांती यांसारख्या ज्या गोष्टी बाळाच्या शरीराबाहेर राहतात, त्यांतल्या बऱ्याच आधुनिक वैद्यकानेही मान्य केल्या आहेत. जे बाळाच्या तोंडात, नाकाकानात, डोळ्यांत किंवा श्वासात जाते, त्याबाबत मात्र फार काटेकोर राहावे लागते.

मालिशीचेच पाहा. नवजात बाळाची त्वचा पातळ असते. तिच्यातून पाणी आणि उष्णता झपाट्याने बाहेर पडते आणि जंतू सहज आत शिरतात. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा तर याहून नाजूक. २००५ साली ढाक्यातल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे अशा बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच वर्षी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेलाच्या मालिशीचा अभ्यास मांडला. खोबरेल लावलेल्या कमी दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेल लावलेल्या बाळांपेक्षा वेगाने वाढले होते. कोकणातल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या जे तेल वापरत आल्या, त्याला मिळालेली ही पावती मोलाची आहे.

पण मालिश म्हणजे हलक्या हाताने तेल चोळणे, एवढेच. नाक उंच व्हावे म्हणून दाबणे, डोक्याला आकार देण्यासाठी रेटणे, नाकाकानात तेल सोडणे हे त्यात बसत नाही. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर न्यूमोनियासारखा आजार होतो. काही बाळांची छाती जन्मानंतर थोडी सुजलेली दिसते. आईच्या संप्रेरकांमुळे तसे होते आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते. ती पिळून ‘दूध काढण्याची’ रीत अजून कित्येक घरांत आहे. त्यातून गळू होते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. नाळ पडेपर्यंत ती कोरडी ठेवायची, तिच्यावर हळद, राख, शेण काहीही लावायचे नाही. अशा लेपांतून धनुर्वाताचे जंतू आत जात आणि बाळे दगावत. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे हा आजार इतका आटोक्यात आला की, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले.

उबेच्या बाबतीत तर रुग्णालयच घराकडे वळले. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच पद्धत पुढे ‘कांगारू मदर केअर’ म्हणून जगभर पसरली. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि पायमोजे घालतात, आईच्या स्तनांच्या मधोमध उभे धरतात, मान एका बाजूला वळवून श्वासाचा मार्ग मोकळा ठेवतात आणि वरून लुगड्याने किंवा पट्ट्याने बांधतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत घेतलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास, १.८ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे तीत दिसले. आई थकलेली असेल तर बाबा किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात.

घर आणि वैद्यक यांची सर्वांत नेटकी सांगड महाराष्ट्रातच घातली गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या स्थानिक बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचे वजन घेत, ते उबदार ठेवायला आणि अंगावर पाजायला शिकवत, श्वास मोजत. आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर घरातच जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. सुरुवातीला तिथे दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने हे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. बाळ-बाळंतीण एका खोलीत, ओळखीच्या बाईच्या देखरेखीखाली, ही जुनीच रचना तिथे टिकवली होती. बदलले ते त्या बाईचे ज्ञान आणि तिच्या पिशवीतले सामान. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या.

आता शरीरात जाणाऱ्या गोष्टी. पहिला चीक टाकून देण्याची रीत पूर्वी अनेक समाजांत होती. खरे तर त्यातल्या प्रतिपिंडांमुळे तो बाळाचे पहिले संरक्षण असतो. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब आणि औषधे एवढाच अपवाद. बाळगुटीची अडचण इथेच येते. वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, अतिविष अशी द्रव्ये आईच्या दुधात सहाणेवर उगाळतात आणि प्रत्येकाचे वेढे मोजून देतात. पण एका वेढ्यात किती द्रव्य उतरले हे हाताच्या जोरावर ठरते. सहाण रोज उकळत्या पाण्याने धुतली जात नाही आणि डब्यातल्या जुन्या जायफळाला बुरशी धरते. जायफळ जास्त झाले की गुंगी येते आणि ‘बाळ छान झोपले’ असे वाटत असताना ते दूध प्यायलाच उठत नाही. गुटीमागे आयुर्वेदाची कौमारभृत्य ही मोठी शाखा आहे आणि तिचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्य आहेत. औषधी द्यायचीच असेल तर ती त्यांना विचारून, मोजून आणि बालरोगतज्ज्ञांना कळवून द्यावी. आणि पहिल्या सहा महिन्यांत न देणेच योग्य.

मधाबाबत मतभेदाला जागाच नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. म्हणून जिभेवर मधाचे बोट नको आणि पहिल्या वर्षात मधातले सुवर्णप्राशनही नको. काजळ-सुरम्यात शिसे असण्याची शक्यता असते, तेव्हा तीट गालाला पुरे. ओवा, वावडिंग आणि ऊद यांची धुरी बंद खोलीत केली की बाळ तो धूर ओढते आणि श्वसनाचे विकार बळावतात. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देतात. पोट फुगणे हे रक्तातल्या जंतुदोषाचे लक्षण असू शकते. चटक्यांनी त्वचेवर जखमा होतात आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात.

लसींना घरगुती पर्याय नाही. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि हेपटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट व इतर. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. सरकारी केंद्रांत त्या मोफत मिळतात. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, ती फुटते आणि व्रण राहतो. तिला तेल किंवा लेप लावायचा नसतो. मांडीवर सुई टोचली असेल तर ती जागा चोळू नये, हे मावशींना आवर्जून सांगावे. जुलाब झाले तर ‘दात येतायत’ म्हणून थांबू नये. ओआरएस आणि १४ दिवस झिंक हे उपचार, सोबत अंगावरचे दूध चालूच. सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ भात आणि पेजही चालते.

बाळंतिणीचा सव्वा महिना ही परंपरेची फार चांगली देणगी आहे. विश्रांती मिळते, पाहुण्यांची वर्दळ कमी झाल्याने बाळाला संसर्ग कमी होतो, अळीव-डिंकाने जेवणात भर पडते. मात्र पाणी कमी पिण्याचे बंधन दुधाला मारक ठरते आणि लाडू चालू असले तरी लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्याव्याच लागतात. खोलीबाहेर पडायचे नाही, या नियमाला बाळाचे आजारपण अपवाद असते.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, हालचाल मंदावली किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर कोवळ्या उन्हाची किंवा गुटीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. मालिशीच्या वेळी आल्या तर त्यांना बाळ उघड्या अंगाने पाहता येते. त्वचेचा रंग, नाळ आणि श्वास एकाच नजरेत तपासून होतात.